काचेमागच्या हंबाई

आमच्या जिन्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना कॉलेजात सगळे हंबाई म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात. हे नाव मी ठेवलं असा सगळ्यांचा पक्का समज आहे आणि मी तो कधी खोडून काढला नाही. नाव चांगलं आहे, आणि श्रेय फुकट मिळत असेल तर कोण सोडतं?

बाई मानसशास्त्र विभागात समुपदेशन शिकवतात. म्हणजे, मनावर ओझं घेऊन कोणी समोर आलं तर त्याच्यापुढे कसं बसायचं, काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही. त्यांच्या मते या धंद्याचा निम्मा कारभार 'हं' वर चालतो. त्यामुळे नव्या पोरांना त्या व्याख्या वगैरे देत नाहीत, आधी 'हं' म्हणायला बसवतात. एक 'हं' 'पुढे सांगा' असा, एक 'घाई नाही' असा, आणि एक 'हं' असा की समोरच्याला वाटावं, आपण आत्ता थाप मारली ती हिला कळली. मी तेव्हा बरोबर खालच्या वर्गात भूगोल शिकवायचो. इकडे मी नद्यांची खोरी समजावतोय आणि छतातून तासभर गुरं हंबरल्यासारखा आवाज. एकदा स्टाफरूममध्ये मी विचारलंच, "बाई, वर गोठा काढलाय का?" त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "हं." त्यानंतर मी दोन दिवस स्वतःलाच विचारत होतो, आपण असं का बोललो.

चेष्टा सोडा. बाई कामाला वाघ होत्या. खोलीत रुमालांचा डबा कुठे ठेवायचा यावर त्यांचा एक अख्खा तास असे. समोरचा रडायला लागला की नवशिकं पोर घाबरून डबा त्याच्या पुढ्यात सरकवतं. बाई म्हणत, डबा सरकवलास म्हणजे तू त्याला सांगितलंस, पूस आता आणि आवर. डबा त्याच्या हाताला लागेल असा ठेवायचा आणि आपण हलायचं नाही. त्याला हवं तेव्हा तो घेईल. आणि त्याच्या हातवाऱ्यांवरून काही ताडायचं नाही. हाताची घडी घातली म्हणजे राग आला असं पुस्तकात असतं. माणसाला नुसती थंडीही वाजत असेल. शंका आली तर विचार.

आणि गुप्तता. तिथे तर बाई दगड. एका मुलीने कॅन्टीनमध्ये मैत्रिणीला एवढंच सांगितलं होतं, की काल माझ्याकडे आलेला माणूस बायकोला घाबरतो. नाव नाही, गाव नाही. बाईंनी तिला त्या वर्षी सरळ नापास केलं. मुलीचे वडील येऊन भांडले, आई येऊन रडली. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं, दोघांनाही 'हं' म्हटलं आणि गुण होते तिथेच ठेवले. मी म्हटलं, बाई, हा न्याय लावला तर मला फाशीच होईल. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुम्हाला भूगोल दिलाय. डोंगराची चहाडी केली तरी डोंगर उठून जात नाही.

घरी ती चौघं. बाई, मुलगा, सून आणि बालवाडीत जाणारी नात. मुलगा लहान असतानाच नवरा गेला. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत. बोलणं कमी, नखं काळी, जीव चांगला. सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तोंडाची फटकळ, हसायला लागली की आमच्या घरापर्यंत ऐकू येईल अशी. आणि नात म्हणजे बाईंचा प्राण. जन्मल्यापासून बाईंच्या हातावर वाढलेली. कॉलेजातून आल्या की आधी चप्पल नाही काढायच्या, आधी पोरीला उचलायच्या.

आमची ही नेहमी म्हणायची, वरच्या घरात सासू-सुनेचं कधी वाजत नाही, शिका जरा. खरंच वाजत नसे. कारण वाजायला दोघी लागतात आणि बाई भांडणात उतरतच नव्हत्या. सुनेने भांडं आपटलं की बाई जवळ येणार, तिचं मनगट अलगद धरणार आणि विचारणार, "तुला राग आलाय असं मला जाणवतंय. बोलायचंय का?" आता तुम्ही सांगा, भांडं आपटणाऱ्या बाईला दुसरं भांडं हवं असतं, समोरून आलेलं. इथे मिळायचं काय, तर समजूत. माझंही मनगट त्यांनी एकदा धरलं होतं, मी निवृत्त झालो तेव्हा. हात सोडवून घेता येत नाही हो. इतका मऊ धरलेला असतो की ओढला तर आपणच रानटी ठरतो.

विभागाचं एक केंद्र आहे. शेवटच्या वर्षाची पोरं तिथे बाहेरच्या लोकांना मोफत समुपदेशन करतात. खोलीच्या एका भिंतीत मोठी काच. आतून ती आरशासारखी दिसते. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत शिक्षक बसून बघतात आणि स्पीकरवर ऐकतात. येणाऱ्याला हे आधीच सांगितलेलं असतं, कुठले शिक्षक ऐकणार तेही. बाईंचे वार वेगळे आणि शनिवार दुसऱ्या एका सरांचा. त्या सरांना पोरं जांभईसर म्हणत, कारण काचेमागे दुसरं ते काही करत नसत. सुनेने तिथे जायला चौकशी करून शनिवारच निवडला होता. दुकानातून तिला तेव्हा सुट्टी असते आणि सासूबाई तेव्हा घरी असतात. नावही माहेरचं दिलं. तिला समोर मिळाली ती बाईंची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी, उंच, काटकुळी, केसांत कायम पेन्सिल खोचलेली. तिला सगळे पेन्सिलच म्हणत.

असे दोन शनिवार गेले. तिसऱ्याला जांभईसरांच्या दाढेने उचल खाल्ली आणि त्यांनी सकाळीच बाईंना फोन करून आपल्या जागी बसायला सांगितलं. बाई बिचाऱ्या नातीला आमच्या हिच्याकडे ठेवून धावत गेल्या. काचेमागे बसल्या, स्पीकर लावला, आणि समोर दार उघडून आत आली ती त्यांची सून.

नियम बाईंनीच घातलेला होता: नात्यातलं माणूस दिसलं की त्या क्षणी उठायचं. बाई उठल्या. स्पीकर बंद केला. बाहेर येऊन जांभईसरांना फोन लावला. ते दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडलेले, फोन कोण उचलणार? विभागात दुसरं कोणी नाही. आणि बाईंचाच दुसरा नियम असा, की काचेमागे शिक्षक नसेल तर विद्यार्थ्याने आत एकट्याने बसायचं नाही. दार वाजवून बैठक थांबवता आली असती. पण थांबवायला दारात उभं राहायचं म्हणजे सुनेला तोंड दाखवायचं. बाईंनी मग तोडगा काढला. परत आत गेल्या, स्पीकर बंदच ठेवला आणि खुर्चीत बसल्या. ऐकायचं नाही, नुसतं हजर राहायचं.

खुर्ची भिंतीकडे फिरवता आली असती. ती फिरवली नाही. इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

काचेतून त्यांना काय दिसलं, तर सून रडत होती. पेन्सिल हलली नाही, डबाही सरकवला नाही. त्या क्षणीसुद्धा बाईंना तिचं कौतुक वाटलं असणार. मग सुनेने आपलं डावं मनगट उजव्या हाताने पकडलं, घट्ट, आणि पेन्सिलीपुढे धरून दाखवलं. एकदा, मग पुन्हा. आणि दुसऱ्यांदा दाखवताना सगळं अंग आक्रसून घेतलं, जशी सुटायला बघतेय.

पोरांना जन्मभर शिकवलं, हातवाऱ्यांवरून ताडू नका. आणि आवाज नसलेल्या काचेआडून बाईंनी ताडलं. माझा मुलगा हिला मारतो.

सोमवारी रीतीप्रमाणे त्यांनी विभागात कळवलं, की ही केस माझ्या नात्यातली आहे, माझा तिच्याशी संबंध नको. स्पीकर बंद होता हे सांगितलं. डोळे उघडे होते हे सांगितलं नाही.

त्यानंतर वरच्या घरात काय चाललं ते आम्हाला मुलाकडूनच कळलं. आमची लिफ्ट बंद पडली होती, तो ती बघत होता आणि मी त्याचं डोकं खात शेजारी उभा होतो. म्हणाला, काका, आईला काहीतरी झालंय. जेवताना माझ्या हातांकडे बघत बसते. बायकोच्या खोलीत मी गेलो की पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग येते. काल मी पोरीला उचललं तर माझ्याकडून काढून घेतली. मी म्हटलं, विचार ना तिला. तो म्हणाला, तिला काय विचारणार, काही विचारलं की ती मलाच विचारते, तुला असं का वाटतंय म्हणून.

बाईंची भीती साधी होती. सून पोरीला घेऊन निघून जाणार, आणि कारण खरं असेल तर तिला अडवायचं कोणत्या तोंडाने? अडवायचं नाही हे त्यांना कळत होतं. पण नात गेली तर संध्याकाळी घरी कशाला यायचं, हेही त्यांना कळत नव्हतं. मुलाला विचारणं कठीण. सुनेला विचारावं तर आपण काचेमागे होतो हे फुटणार. राहिली पेन्सिल.

एका दुपारी वर्ग सुटल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतलं. हे मला कसं कळलं ते पुढे येईल. बाई म्हणाल्या, मला बाकी काही नको, एवढंच सांग, मार आहे का?

पेन्सिल म्हणाली, "धोका असेल तर सांगायचं असतं, पण ते सरांना सांगायचं, मॅडम. तुम्ही त्या केसच्या बाहेर आहात."

"मी तुझी मॅडम म्हणून नाही विचारत."

"मग तर सांगताच येणार नाही."

 बाई आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुझा प्रात्यक्षिकाचा शेरा अजून लिहायचा राहिलाय माझा."

पेन्सिलीने त्यांच्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "हं."

तो कुठला 'हं' होता ते बाईंना सांगायची गरज नव्हती. त्यांनीच शिकवलेला.

पोरगी तिथून निघाली ती तडक विभागप्रमुखांकडे गेली. विभागप्रमुख म्हणजे ज्याला फक्त निवृत्तीपर्यंत शांतता हवी असा सज्जन माणूस. त्यांनी मीटिंग घेतली: ते, जांभईसर, पेन्सिल आणि बाई. जांभईसर क्लायंटबद्दल आजतागायत एक शब्द बोलले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. पण सहकाऱ्यांबद्दल गप्प राहायचं असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, म्हणून त्यांनी मला सगळं सांगितलं, वरून स्वतः चहाही पाजला.

बाईंनी काही नाकारलं नाही. खुर्ची, काच, मनगट, शेरा, सगळं एका दमात सांगून टाकलं. विभागप्रमुख म्हणाले, झालं ते झालं, बाईंनी यापुढे काचेमागे बसू नये, प्रश्न मिटला. पेन्सिल म्हणाली, सर, क्लायंटला कळवायचं राहिलं. कारण तसाही नियम होता: येणाऱ्याची गुप्तता धोक्यात आली तर ते सगळ्यात आधी त्यालाच सांगायचं. हा नियम केंद्रात आधी नव्हता. बाईंनीच भांडून आणला होता, आणि तेव्हा हेच विभागप्रमुख म्हणाले होते, कशाला उगाच झोपलेल्याला उठवता.

आता त्यांनी बाईंकडे बघितलं आणि विचारलं, घरची बाब आहे, तेवढं सोडून देऊ या का? तुम्ही म्हणाल तसं.

जांभईसर म्हणतात, त्या वेळी त्यांना स्वतःलाही जांभई आली नाही. मग बाई टेबलाकडे बघत म्हणाल्या, "नका सांगू."

दोघा सरांनी माना डोलावल्या. पेन्सिलीने डोलावली नाही. म्हणाली, "मॅडम, कॅन्टीनमध्ये बोललेल्या त्या मुलीनेही हेच मागितलं असतं ना?"  पुढच्या शनिवारी तिने काचेमागे जांभईसर असताना, त्यांच्या कानांदेखत, सुनेला सगळं सांगितलं.

त्या खोलीत सून काय म्हणाली ते मला माहीत नाही. पण घरी येऊन काय म्हणाली ते अख्ख्या जिन्याला माहीत आहे, कारण दार उघडं होतं. लोक मला म्हणतात, तुम्ही कान लावून ऐकलं असेल. खोटं कशाला बोलू, कान लावायची गरजच पडली नाही.

"आई, तुम्ही काचेमागे होतात."

बाई म्हणाल्या, आवाज बंद होता.

"म्हणजे बघत होतात."

 आमची ही पायपुसणं झटकायच्या निमित्ताने दोन पायऱ्या वर गेली होती; तिने सांगितलं की सुनेने आपलंच मनगट धरून दाखवलं होतं, तसंच, काचेपुढे दाखवलं तसं.

"हे तुम्ही करता, आई. तो नाही. त्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही, आणि तुम्ही त्याला महिनाभर चोरासारखं वागवलंत. मी तिथे तुमची नक्कल करून दाखवत होते. सांगत होते की या घरात मला ओरडतासुद्धा येत नाही, लगेच कोणीतरी माझा हात धरून मला समजून घेतं."

"मला तेव्हाच सांगायचंस..."

"कसं सांगणार? सांगितलं की तुम्ही 'हं' म्हणणार. मला एक बाई हवी होती जी माझं ऐकेल आणि घरी येऊन माझ्याकडे बघत बसणार नाही. ती मिळाली होती. मी तिला सांगत होते की राहायचं ठरवतेय, फक्त तुमच्याशी एकदा भांडायचं कसं ते मला कळत नाहीये." मग आवाज खाली आला. "आता कळलं बघा. पण आता राहायचं नाहीये."

पुढच्या रविवारी सामान उतरलं. लिफ्ट नेमकी चालू होती, तरी मुलगा एकेक खोकं जिन्यानेच नेत होता. बहुधा आईजवळ उभं राहायला नको म्हणून. शेवटच्या खेपेला बाई दारात आडव्या आल्या. त्याला म्हणाल्या, मला तुझ्याबद्दल फार भीती वाटली रे. तो म्हणाला, "तू तिच्या समुपदेशकाला विचारलंस, आई. मी रोज समोर जेवत होतो." एवढंच. त्याच्यापुरतं ते भाषणच होतं. नात त्याच्या खांद्यावर झोपली होती, त्यामुळे निरोपाचा प्रश्नच आला नाही. लोक म्हणाले, बरं झालं. मला नाही बरं वाटलं.

आता ती तिघं शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. महिन्यातून एकदा मुलगा पोरीला आणून सोडतो आणि खाली गाडीतच बसून राहतो. मी त्याला घरात बोलावतो. तो म्हणतो, काका, काम आहे. गाडीत बसण्याचं काम.

कॉलेजात बाईंना केंद्रातून काढलं. आता त्या फक्त वर्गात शिकवतात. काय शिकवतात, विचारा. व्यावसायिक नीतिमत्तेचा पेपर. तो दुसऱ्या कोणाला नको होता. पोरं सांगतात, छान शिकवतात, पण उदाहरणं देत नाहीत. नापास झालेली ती कॅन्टीनवाली मुलगी म्हणे कुठल्याशा मोठ्या रुग्णालयात समुपदेशक आहे आणि झकास चाललंय तिचं. हे मी बाईंना सांगितलं नाही. मी चहाडखोर असेन, पण कसाई नाही.

पेन्सिलीला विभागानेच ठेवून घेतलं. बाईंनी तिचा शेरा लिहिला होता, मीटिंगनंतर, आणि जांभईसरांच्या शब्दांत, इतका चांगला शेरा त्यांनी स्वतःच्या लग्नातही ऐकला नव्हता.

आणि सून अजून येते. दर शनिवारी, त्याच खोलीत, त्याच पोरीकडे. हे बाईंना ठाऊक आहे, कारण शनिवारी दुपारी त्यांनी त्या मजल्यावर थांबू नये असं त्यांना तोंडी कळवलेलं आहे. परवाच्या शनिवारी मी कॉलेजच्या ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला गेलो होतो, फुकट मिळतं. जिन्यात वर बघितलं तर बाई आपली पिशवी घ्यायला राहिल्या होत्या आणि समोरून पेन्सिल येत होती. पेन्सिल केंद्राच्या दारापाशी थांबली. हात दाराच्या मुठीवर ठेवला, पण ते उघडलं नाही.

बाईंनी तिला विचारलं, "चहा झाला का तुझा?"

"बैठक झाल्यावर घेईन, मॅडम."

आत सून आधीच येऊन बसली होती का, परत येणार आहे असं ती तिथे बोलते का, की आता सासूचा विषयच निघत नाही, हे सगळं त्या पोरीला माहीत होतं. बाई तिच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. मला वाटलं, आता विचारतात. मी खाली कठडा धरून थांबलो. इतक्या वर्षांत मला कुठल्याच बातमीची एवढी हाव सुटली नव्हती.

बाईंनी विचारलं नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. पेन्सिलही मुठीवर हात ठेवून उभी राहिली. चेहऱ्यावर ना राग, ना कीव. बाई पिशवी खांद्याला लावून जिना उतरायला लागल्या, वळणापलीकडे गेल्या, तेव्हा कुठे वर दार उघडल्याचा आवाज आला, आणि लगेच लागल्याचा.

माझ्या शेजारून जाताना मी त्यांना म्हटलं, चला बाई, बरोबरच जाऊ घरी. त्या म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मला घरी जायची घाई नाही.